बोटं पांढरी पडतात, पण पुढची तपासणी नकोशी वाटते

पत्र थोडक्यात: नाशिक जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे, वय ३७. द्राक्ष एक्सपोर्टच्या पॅकहाऊसमध्ये क्वालिटीचं काम बघतात, सीझनमध्ये दिवसभर प्री-कूलिंग आणि कोल्ड स्टोरेजमध्ये जा-ये असते. दोन सीझन झाले, आत गेलं की उजव्या हाताची दोन-तीन बोटं पांढरीफटक पडतात, मग निळी होतात, बाहेर आल्यावर लाल होऊन ठणकतात. आता सकाळी नळाच्या पाण्यानेसुद्धा होतं आणि दोन्ही हातांना होतं. गावातल्या डॉक्टरांनी रक्ताची एएनए टेस्ट (प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलीय का याचा अंदाज देणारी) करायला लावली, ती '१:१६०, स्पेकल्ड, पॉझिटिव्ह' अशी आली आणि त्यांनी रुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे सांध्यांच्या आणि अशा प्रतिकारशक्तीच्या आजारांच्या डॉक्टरांकडे, चिठ्ठी दिली. चिठ्ठी चार महिने कपाटात आहे. मावसबहिणीने स्क्लेरोडर्मा नावाच्या, कातडी कडक होत जाणाऱ्या आजाराचे फोटो पाठवले आणि सोबत एक बातमी, की त्या आजारात ९५ टक्के लोकांना हेच बोटांचं असतं. मिस्टर म्हणतात उकरत बसलं की काहीतरी निघतंच, सासूबाई म्हणतात वात आहे, चुलीवर शेक. ताईंचे प्रश्न असे, की पुढच्या टेस्ट कराव्या की नको, काही निघालं तर नोकरी जाईल का, आणि ११ वर्षांच्या मुलीलाही हे होईल का, पुढे तिच्या लग्नात अडचण येईल का. डिसेंबरात भाच्याचं लग्न आहे, तोवर तरी थांबू का असंही विचारलंय. जाता जाता लिहिलंय की डोकेदुखीची एक गोळी रोज चालू आहे आणि 'मशेरी आहे थोडी, पण फार नाही'.

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या ओळीवर थांबले, ती डोकेदुखीच्या गोळीची आणि मशेरीची. तिच्याकडे येतेच, पण आधी तो ९५ टक्क्यांचा आकडा निकालात काढू, कारण चार महिने तुमची झोप त्यानेच उडवलीय असं दिसतंय.

आधी एक सांगते, मी डॉक्टर नाही. वाचून आणि जाणकारांना विचारून लिहिते, त्यामुळे तुम्हाला काय झालंय हे मी सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. पण मावसबहिणीने पाठवलेला आकडा खरा असूनही तुम्ही तो उलटा वाचलाय एवढं सांगू शकते. स्क्लेरोडर्मा झालेल्यांपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास लोकांना बोटांचा हा त्रास असतो हे बरोबर आहे. पण बोटांचा त्रास असलेल्या ९५ टक्के लोकांना स्क्लेरोडर्मा असतो असा त्याचा अर्थ होत नाही. तुमच्याच कामातलं बघा, तुम्ही रिजेक्ट केलेल्या जवळजवळ प्रत्येक पेटीत फुटका मणी सापडेल, म्हणून फुटका मणी दिसला की प्रत्येक पेटी रिजेक्ट करता का? मणी काढता, घड बघता, मग ठरवता.

या त्रासाला रेनॉड्स म्हणतात, मॉरिस रेनॉ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ साली त्यांच्या प्रबंधात तो पहिल्यांदा नीट मांडला. होतं असं की थंडी लागली किंवा मनावर ताण आला की बोटातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. तशा त्या सगळ्यांच्याच आवळतात, शरीराची ऊब आत राखण्यासाठीच ती सोय आहे, पण काही जणांच्या जरा जास्तच आवळतात आणि सुटायला वेळ घेतात. रक्त जायचं थांबलं की बोट पांढरं, अडकलेल्या रक्तातला ऑक्सिजन संपला की निळं, आणि वाहिनी उघडून रक्त धावलं की लालभडक आणि ठणका. शंभरातल्या तीन ते पाच माणसांना हे असतं, बायकांना जास्त. त्यातल्या बहुतेकांना दुसरं काहीच नसतं, विशी-पंचविशीच्या आत सुरू होतं, दोन्ही हातांना सारखं होतं, रक्तवाहिनी मुळात धडधाकट असते आणि बोटाला कायमची इजा होत नाही. याला प्रायमरी म्हणतात. उरलेल्या थोड्यांच्यात मात्र याच्यामागे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलेली असते, म्हणजे स्क्लेरोडर्मा, ल्युपस, मिक्स्ड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज, शोग्रेन वगैरे. त्यांच्यात नुसतं आवळणं नसतं, वाहिनीची आतली भिंतच जाड होत जाते, म्हणून बोटाच्या टोकाला जखमा होतात आणि त्या भरता भरत नाहीत. याला सेकंडरी म्हणतात. आणि स्क्लेरोडर्मा हा मुळात दुर्मीळ आजार आहे, लाखात काही जणांना होणारा.

म्हणजे मिस्टर म्हणतात तेच खरं, सोडून द्यायचं? तसं नाही, आणि इथे मी तुमच्या मिस्टरांशी थोडी भांडणार आहे.

'उकरलं की निघतं' हे आपल्याकडे घराघरात ऐकू येतं आणि त्यात एक गंमतीशीर समज दडलेला असतो, की आजार डॉक्टरांच्या टेबलावर तयार होतो, तोपर्यंत नसतो. ताई, आजार असेल तर तो आजही आहे, चिठ्ठी कपाटात असली तरी आहे, आणि नसेल तर रुमॅटॉलॉजिस्टच्या ओपीडीत बसल्याने होणार नाही. तपासणीने फक्त एवढंच ठरतं की तुम्ही कुठल्या गटात आहात. आणि या विषयावरच्या रिसर्चमध्ये मला सगळ्यात कामाची गोष्ट हीच वाटते, की हा गट बऱ्यापैकी ओळखता येतो, तोही लवकर आणि अंगावर कापाकापी न करता.

कॅनडात मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी रेनॉड्सच्या ५८६ पेशंटचा पाठपुरावा केला, वीस वर्षं चाललेला अभ्यास, २००८ साली छापून आला. त्यांनी सुरुवातीलाच दोन गोष्टी बघून ठेवल्या. एक, नखाच्या मुळाशी जी कातडी असते तिथल्या केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली कशा दिसतात. आणि दुसरी, स्क्लेरोडर्माच्या खास अँटीबॉडीज, म्हणजे उलटलेली प्रतिकारशक्ती बनवते ते घटक, रक्तात आहेत का. पुढे एकूण पेशंटपैकी १२.६ टक्के लोकांना स्क्लेरोडर्मा झाला. पण हा आकडा सगळ्यांवर सारखा वाटलेला नाही. ज्यांच्या दोन्ही गोष्टी नॉर्मल होत्या त्यांच्यात फक्त १.८ टक्के, आणि ज्यांच्या दोन्ही बिघडलेल्या होत्या त्यांच्यात जवळजवळ ८० टक्के. मधले मधे. बघा म्हणजे, एकच त्रास, तेच पांढरं बोट, आणि एका बाईला मी 'स्वेटर घाला आणि विसरा' म्हणेन तर दुसरीला 'उद्याच्या उद्या जा'. आणि हे ५८६ लोकही डॉक्टरांनी हॉस्पिटलात पाठवलेले होते, म्हणजे ज्यांच्याबद्दल कुणाला तरी शंका आलेली. गल्लीतल्या, ऑफिसातल्या सगळ्या रेनॉड्सवाल्यांना हा १२.६ चा आकडा लावायचा नाही.

आता तुमची एएनए. हा रिपोर्ट हातात पडला की लोक हादरतात, कारण 'पॉझिटिव्ह' शब्द ठळक छापलेला असतो. १९९७ साली एक अभ्यास झाला, वेगवेगळ्या देशांतल्या लॅबनी मिळून धडधाकट लोकांचं रक्त तपासलं, तर १:४० ला (म्हणजे रक्त चाळीस पट पातळ करूनही) जवळपास तिघांतला एक पॉझिटिव्ह निघाला, १:८० ला १३ टक्के आणि १:१६० ला ५ टक्के. म्हणजे तुमच्या आकड्याचे निरोगी लोक शंभरात पाच तरी आहेत, मजेत हिंडतायत. स्पेकल्ड, म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा, हा पॅटर्नही बऱ्याच गोष्टींत येतो, त्याच्यावरून एकटा काही निष्कर्ष निघत नाही. पण म्हणून हा रिपोर्ट कचरा आहे असंही मी म्हणणार नाही, कारण ही टेस्ट तुमच्याकडे उगाच हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये आलेली नाही, बोटांचा त्रास होता म्हणून केलीय, आणि तो त्रास पस्तिशीनंतर सुरू झालाय, सुरुवातीला एकाच हाताला होता. तिशी-चाळिशीत पहिल्यांदा सुरू होणारं रेनॉड्स डॉक्टर जास्त बारकाईने बघतात. तुमच्या गावच्या डॉक्टरांनी नेमकं हेच केलं आणि योग्य माणसाकडे चिठ्ठी दिली. माझ्या मते त्यांचे आभार मानायला हवेत, एवढ्यावर मलम देऊन पाठवणारे पुष्कळ आहेत.

पुढची तपासणी म्हणजे काय याचीच भीती जास्त वाटतेय असं पत्रावरून वाटलं, तर ते सांगते. नखाच्या कडेला तेलाचा एक थेंब टाकतात आणि छोट्या मायक्रोस्कोपने बघतात, कॅपिलरोस्कोपी म्हणतात तिला. सुई नाही, दुखत नाही. नॉर्मल असेल तर केसांच्या पिनांसारख्या बारीक वळणांची ओळ दिसते, बिघडलेली असेल तर काही वाहिन्या फुगलेल्या, कुठे रक्ताचे ठिपके, कुठे वाहिन्याच गायब. काही ठिकाणी मोठं यंत्र नसतं तर त्वचेच्या डॉक्टरांच्या डर्मॅटोस्कोपनेही प्राथमिक अंदाज घेतात. दुसरं रक्त, त्यात अँटी-सेंट्रोमियर, एससीएल-७०, आरएनए पॉलिमरेज तीन अशा खास अँटीबॉडीज बघतात. सोबत लघवी, बीपी, थायरॉइड, कारण थायरॉइड कमी असलं तरी हात गार पडतात. बस. नाशिकला, पुण्याला रुमॅटॉलॉजिस्ट आहेत, आणि खर्चाचा प्रश्न असेल तर मुंबईच्या केईएममध्ये या विषयाचा वेगळा विभाग आहे.

जाताना एक गोष्ट नक्की न्या, फोटो. अॅटॅक येतो तेव्हाच, चांगल्या उजेडात, दोन्ही पंजे एकत्र. डॉक्टरांसमोर बोटं नेहमी शहाण्यासारखी गुलाबी असतात आणि तोंडी वर्णनावर सगळं राहतं, म्हणून फोटो. आणि हे प्रश्न ते विचारतीलच, घरूनच आठवून जा. सकाळी अंगठी घट्ट होते का, बोटं सुजलेली वाटतात का. बोटाच्या टोकाला जखम किंवा खड्डा पडलाय का. जिना चढताना पूर्वीपेक्षा दम लागतो का, जळजळ, घास अडकणं, उन्हात चेहऱ्यावर चट्टे, तोंडात वारंवार फोड, सांधे सकाळी आखडणं. यातलं काही असेल तर लग्नापर्यंत थांबू नका. आणि एखादं बोट पांढरं किंवा निळं पडून राहिलं, तासाभरात ऊब देऊनही उघडलं नाही, किंवा टोक काळं पडायला लागलं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. हे तुम्हालाच नाही, हे वाचणाऱ्या सगळ्यांनाच सांगतेय.

आता ती शेवटची ओळ. ताई, मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, आणि हिरड्यांतून निकोटिन रक्तात जातंच, 'थोडी' असली तरी जातं. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे थंडी जे करते तेच सकाळी-सकाळी तुम्ही स्वतः करताय आणि वर कोल्ड रूममध्ये जाताय. मला तुम्हाला रागवायचं नाहीये, आपल्याकडे कितीतरी बायका माहेरापासून ही सवय घेऊन येतात आणि कुणी त्याला तंबाखू म्हणून मोजतच नाही, डॉक्टरांनी 'तंबाखू खाता का' विचारलं की सरळ 'नाही' म्हणतात. तुम्ही तसं म्हणू नका, डब्यासकट सांगा. सगळ्या पत्रात तुमच्या एकट्याच्या हातात असलेली आणि आजच करता येण्यासारखी गोष्ट हीच आहे.

आणि डोकेदुखीची गोळी, नाव लिहिलं नाहीत. मायग्रेन येऊ नये म्हणून रोज देतात त्यात प्रोप्रानोलॉल नावाचं औषध बरंच वापरलं जातं आणि त्याने बोटं गार पडण्याचा त्रास वाढू शकतो. मायग्रेनच्या इतर काही गोळ्या, अर्गोटामिनवाल्या, ट्रिप्टान, आणि नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्याही रक्तवाहिन्या आवळतात. पण कृपा करून हे वाचून गोळी परस्पर बंद करू नका, प्रोप्रानोलॉल एकदम सोडणं धोक्याचं असतं. पाकीट घेऊन जा आणि ज्यांनी दिली त्यांनाच विचारा की याऐवजी दुसरं काही चालेल का. याच्या उलट एक सावधगिरी, सांधेदुखीवर म्हणून कुणाकडून बिननावाच्या पुड्या किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या घेत असाल तर थांबून सांगा. स्क्लेरोडर्मा असेल तर जास्त डोसच्या स्टेरॉइडने किडनीवर गंभीर संकट येऊ शकतं, त्यामुळे ही माहिती डॉक्टरांना हवीच.

सासूबाईंचा शेक. ऊब हवी हे त्यांचं बरोबर आहे, चूल मात्र नको. बोट बधीर असतं तेव्हा चटका कळत नाही आणि भाजलेलं बोट रक्त कमी मिळत असल्याने लवकर भरत नाही. कोमट पाणी, कोपराने तपासून, किंवा हात काखेत दाबून धरणं, किंवा दोन्ही हात खांद्यापासून गोल फिरवणं, पंधरा-वीस मिनिटांत बहुतेक वेळा उघडतं. आणि नुसते हातमोजे घालून भागत नाही, छाती-पोट-डोकं गार पडलं तरी बोटं आवळतात, म्हणून आतून थर्मल, डोक्याला टोपी. सकाळची धुणीभांडी कोमट पाण्याने किंवा रबरी ग्लोव्ह्ज घालून, आणि थंडीपुरतं ते काम घरात दुसऱ्या कुणी केलं तर आकाश कोसळणार नाही. मिस्टरांना उकरण्यापेक्षा घासण्यात मदत करू दे. (हे छापून आल्यावर त्यांना दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.)

नोकरीचं. तुम्ही गृहीत धरलंय की सांगितलं तर काढतील आणि लपवलं तर टिकेल. मला उलट वाटतं, कारण लपवलं तर तुम्ही शून्याच्या आसपासच्या खोलीत आधीसारख्याच जात राहणार, आणि बोटाला जखम झाली की ती लपणार नाही, सीझनच्या ऐन मध्यावर घरी बसाल. मालकाला आजाराचं नाव सांगायची गरज नाही, आणि अजून नाव आहे तरी कुठे? एवढंच म्हणा की थंडीने हाताचा रक्तपुरवठा कमी होतो, डॉक्टरांनी कोल्ड रूम कमी करायला सांगितलंय, आणि त्यांच्याकडून तसं दोन ओळींचं लेटर घ्या. मग नुसतं रडगाणं न गाता कामाची वाटणी घेऊन जा. प्रोब घालून मण्याच्या आतलं टेंपरेचर बघायचं काम आणि कंटेनर लोडिंग दुसऱ्याला, तुमच्याकडे इनटेकला माल तपासणं, पॅकिंग टेबलवरचं वजन, साईज, साखर, बुरशी रोखणारे एसओटू पॅड बरोबर टाकलेत का ते, आणि कागदपत्रं. रूमचं तापमान तर बाहेरच्या डिस्प्लेवर दिसतंच. आत जावंच लागलं तर जॅकेट आधी बाहेरच घालून अंग गरम करून जायचं, आतून लोकरी आणि वरून नायट्राइल असे दोन ग्लोव्ह्ज, आणि कामं साठवून एकाच खेपेत उरकायची. इतक्या वर्षांची क्वालिटीची माणसं गल्लीत मिळत नाहीत हे मालकालाही माहीत असतं. नाहीच ऐकलं तर बघू, पण विचारण्याआधीच राजीनामा लिहू नका.

मुलीचं म्हणाल तर साधं, प्रायमरी रेनॉड्स घराण्यात चालतं थोडंफार. २०२३ मध्ये लंडन आणि बर्लिनच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या पाच हजारांवर रेनॉड्सच्या लोकांची जनुकं तपासली आणि दोन जनुकांचा संबंध दाखवला, त्यातलं एक ताणाच्या हार्मोनला प्रतिसाद देऊन बारीक रक्तवाहिन्या आवळणाऱ्या रिसेप्टरचं आहे. याच्यातून पुढे नवी औषधं येतील अशी आशा आहे, पण मुलीची आज कुठलीही टेस्ट करायची गरज नाही. स्क्लेरोडर्मासारखा आजार आईकडून मुलीला सरळ जात नाही, घरात कुणाला असेल तर शक्यता किंचित वाढते, ती मुळात इतकी छोटी असते की वाढूनही छोटीच राहते. तिला बोटांचा त्रास झाला तर दाखवा. आणि तिच्या लग्नाची काळजी अकराव्या वर्षी करताय यावर मी एक वेगळं उत्तर लिहू शकते, पण आज नको.

समजा निघालंच काही. ते फोटो ज्यांनी पाठवले त्यांना ब्लॉक करू नका, पण ते फोटो पुढे गेलेल्या आजाराचे असतात, आणि बरेचसे जुने. स्क्लेरोडर्मात पूर्वी किडनीच्या संकटाने माणसं जायची, एसीई इनहिबिटर नावाच्या बीपीच्या औषधांनी ते चित्र बदललं. फुप्फुसांसाठी मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे, २०१९ पासून निन्टेडॅनिबलाही अमेरिकेत त्यासाठी मंजुरी आहे. बोटांसाठी निफेडिपिन, अॅम्लोडिपिन, त्याने नाही भागलं तर सिल्डेनाफिल, टॅडालाफिल, जखमा वारंवार होत असतील तर बोसेंटान. (सिल्डेनाफिलचं नाव चिठ्ठीवर बघून मिस्टर दचकतील, तेच औषध, रक्तवाहिन्या उघडायचं काम करतं.) आजार मुळापासून जातो असं खोटं सांगणार नाही. पण फुप्फुसाची फुंकायची टेस्ट आणि टूडी इको ठरावीक काळाने करत राहिलं तर दम लागायच्या आधी गोष्टी सापडतात, आणि या आजारात सापडण्याच्या वेळेने खूप फरक पडतो. आणि कॅपिलरोस्कोपी आणि अँटीबॉडीज दोन्ही नॉर्मल आल्या तर डॉक्टर बहुधा वर्षातून एकदा या म्हणतील, आणि तुम्ही ते ऐका.

तर लग्नापर्यंत थांबायचं का? वर सांगितलेल्या खुणांपैकी एकही नसेल तर पंधरा दिवसांनी काही बिघडत नाही, सीझन जोरात सुरू व्हायच्या आत झालं म्हणजे झालं. पण अपॉइंटमेंट आजच घ्या, तारखा लवकर मिळत नाहीत. आणि तारीख घेताना एक बघा, कॅपिलरोस्कोपीच्या आधी दोन आठवडे तरी नेलपॉलिश, मॅनिक्युअर नको, नखाच्या कडेची कातडी कुरतडायची नाही, कापायची नाही, नाहीतर खरचटलेलं आणि आजाराचं यात घोळ होतो. लग्नात नेलपॉलिश लावणार असाल तर तारीख त्यानंतर दोन आठवड्यांची घ्या, नाहीतर यावेळी नुसत्या बांगड्यांवर भागवा.